दुसऱ्याने वापरलेली जीन्स आणि आजीचं जुनेर

या वेळी कपड्यांबद्दलची पत्रं खूप आलीत आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, की मुलं जुने, विटलेले, कुणीतरी वापरून झिजवलेले कपडे पैसे मोजून का घेतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पुण्यात शिकतो. मागच्या महिन्यात घरी आला तर अंगात एक जीन्स, गुडघ्यावर पांढरी पडलेली, खाली काठाला दोरे निघालेले. मला वाटलं हॉस्टेलवर नीट धुवत नसेल, विचारलं तर म्हणतो ही जुनी लिव्हाइस आहे, कुणीतरी वापरलेली, २८०० ला घेतली. अहो नवी कोरी १५०० ला मिळते की! आमच्या घरात दुसऱ्याचं घातलेलं कुणी घालत नाही. शेजारच्या वहिनींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, पैशाची काही अडचण आहे का म्हणून. हे काय खूळ आहे आणि मी त्याला काय सांगू?
एक आई, सांगली

उत्तर : सांगलीच्या ताई, वहिनींचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, कपड्यावरून घरची परिस्थिती जोखायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे आणि त्याचा त्रास आईला जास्त होतो. पण मुलाला खुळा ठरवायच्या आधी जरा आठवून बघा, तो जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा कशात गुंडाळलं होतं? नव्या कोऱ्या कापडात नसणार. घरातल्या कुणाचं तरी जुनेर फाडून त्याची दुपटी केली असतील, लंगोट केले असतील, कारण नव्या कापडाला खळ असते, ते बाळाला बोचतं, आणि वर्षानुवर्षं नेसून, धुवून धुवून विरत आलेलं सुती लुगडं जितकं मऊ लागतं तितकं दुकानातलं काही म्हणजे काही लागत नाही. म्हणजे दुसऱ्याचं घातलेलं आम्ही घालत नाही असं आपण म्हणतो खरं पण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड दुसऱ्याने वापरलेलंच होतं. माझ्या आजीच्या एका इरकली जुनेराचं दुपटं आमच्या घरात चार बाळांना पुरलं, अजून कपाटात आहे, गालाला लावलं की मी काय म्हणतेय ते कळतं.

आता जीन्सचं ऐका. हे कापड तिरक्या विणीचं, त्यात ताण्याचे म्हणजे उभे दोरे निळे आणि बाण्याचे म्हणजे आडवे पांढरे, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी दिसते. आणि नीळ हा फार वेगळा रंग आहे बरं का, ती साध्या पाण्यात विरघळतच नाही, आधी तिच्यावर प्रक्रिया करून ती विरघळवावी लागते, मग सूत त्यात बुडवायचं, बाहेर काढायचं, हवा लागली की सूत निळं होतं, परत बुडवायचं, परत काढायचं, असं कितीतरी वेळा. जीन्सच्या सुताला हे सगळं भराभर करतात त्यामुळे रंग दोऱ्याच्या वरवरच बसतो आणि गाभा पांढरा राहतो. मग ती घालून माणूस चालतो, बसतो, गाडीला किक मारतो, खिशात पाकीट ठेवतो, आणि जिथे जिथे घासतं तिथला वरचा निळा थर जाऊन आतलं पांढरं दिसायला लागतं. जांघेपाशी मांजराच्या मिशांसारख्या रेषा, गुडघ्याच्या मागे जाळी, मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन. दोन मित्रांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून सारखी जीन्स घेतली तरी पाच वर्षांनी त्या दोन जीन्स सारख्या राहत नाहीत. तुमच्या मुलाला आवडलंय ते हे, नवी जीन्स हजारो जणांकडे तीच असते, ही एकच आहे.

आणि ही काही बड्या लोकांची फॅशन म्हणून जन्मलेली वस्तू नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, कामगारांच्या पँटचे खिसे सारखे उसवतात म्हणून त्याने कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे धातूच्या टिकल्या, ठोकायला सुरुवात केली, कापड तो लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याकडून घ्यायचा (लिव्हाइस हे नाव त्याचंच), पेटंटसाठी पैसे नव्हते म्हणून त्यालाच भागीदार केलं आणि २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. खाणीतले, रेल्वेवरचे, लाकूडतोडे असली माणसं ती घालायची. आपलाही एक धागा आहे यात, मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं सुती कापड जहाजांवरून बाहेर जायचं, इंग्रजीतला डंगरी हा शब्द त्या डोंगरीवरूनच आलाय, आणि त्याचे कपडेही खलाशी आणि मजूरच घालत.

मग जुन्याला एवढा भाव कसा आला? याचं श्रेय मी जपानला देते. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य तिथे होतं, त्यांच्याकडून आलेले कपडे टोकियोतल्या उएनो भागातल्या आमेयोको बाजारात विकायला यायचे, आणि ज्या देशाने हरवलं त्याच देशाच्या कपड्यांवर तिथली तरुण मुलं जीव टाकायला लागली. पुढे ओकायामा जिल्ह्यातल्या कोजिमा या गावात, जिथे शाळेचे गणवेश शिवायचे, १९६५ मध्ये जपानमध्ये शिवलेल्या पहिल्या जीन्स तयार झाल्या. नंतर अमेरिकेतल्या गिरण्यांनी जुने शटलचे, म्हणजे धोट्याचे, अरुंद माग काढून रुंद आणि वेगवान माग बसवले, कापड एकसारखं सपाट झालं, आणि जपानी लोकांना जाणवलं की जुन्या कापडात जी बारीक उंचसखल वीण होती, जिच्यामुळे ते झिजताना इतकं सुंदर दिसायचं, ती गेली. मग तिथले व्यापारी अमेरिकेत जाऊन गावोगावच्या दुकानांत आणि गोदामांत पडून राहिलेल्या जुन्या जीन्स शोधून आणायला लागले, १९९० च्या दशकात हे वेड शिगेला होतं, आणि ओसाकातल्या काही छोट्या कंपन्या तर जुन्या मागांवर तसंच कापड परत विणायला लागल्या. ज्यांनी ती पँट घालून मजुरी केली त्यांनी ती टाकून दिली आणि सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी तिची वीण मोजली, मला ही गोष्ट फार हृद्य वाटते.

तर ताई, त्याला रागावू नका. पण २८०० रुपये योग्य की नाही हे मी सांगू शकत नाही, ते ती जीन्स किती जुनी आहे त्यावर आहे, खालचं नाशिकच्या मुलाचं उत्तर त्याला वाचायला द्या. आणि पुढच्या वेळी घरी आला की दोरे निघालेला काठ आतून एक टाका घालून थांबवायला शिकवा, तुम्हाला येत असेलच, जुनं घालायचं तर दुरुस्ती यायला पाहिजे. वहिनींना सांगा, पोराने हौसेने घेतलीय. एवढं पुरे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, इन्स्टावरून थ्रिफ्टचे, म्हणजे वापरलेले जुने कपडे घेतो. विकणारे सगळेच व्हिंटेज, ऐंशीचं दशक असं काही पण लिहितात. मागे एक बँडचा टीशर्ट घेतला तो दोन धुण्यात चिंधी झाला. खरं जुनं ओळखायचं कसं?
एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : चिंधी झाला म्हणजे तो जुना नव्हता, जुना दिसावा म्हणून आधीच मारून ठेवलेला होता. हा फरक नीट लक्षात घे, कारण सगळी फसवाफसवी इथेच होते. खरं जुनं कापड हळूहळू झिजतं आणि वीस वर्षं टिकलंय म्हणजे मुळात दमदार असतं. खोटं जुनं केलेलं कापड दगडासोबत मशिनमध्ये फिरवून, एन्झाइम टाकून, खरखरीत कागदाने घासून, नाहीतर लेझरने जाळून आणलेलं असतं, म्हणजे तुझ्या हातात यायच्या आधीच त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं.

आधी आतली लेबलं बघ. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीवर १९७१ पर्यंत सगळी अक्षरं कॅपिटल असायची, नंतर त्यातला ई छोटा झाला, त्यामुळे मोठ्या ईची खरी जीन्स कुणी १५०० ला देत असेल तर तिथेच थांब, आणि एक आहे की त्याच डिझाइनच्या नव्या प्रती कंपनी स्वतःच काढते, म्हणजे नुसती पट्टी बघून भागत नाही. १९३७ ते १९६६ या काळात मागच्या खिशाचे रिव्हेट कापडाखाली लपवलेले असायचे, मग ते गेले आणि त्याजागी नुसती घट्ट शिलाई आली. अमेरिकेत कपड्यावर धुण्याच्या सूचना लिहिणं १९७२ पासून सक्तीचं झालं, म्हणून आत धुण्याच्या सूचनांचं छापील लेबल असलेली अमेरिकन जीन्स कुणी पन्नासच्या दशकातली म्हणून विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा. पायाची बाहेरची शिलाई उलटी करून बघ, कापडाच्या दोन्ही काठांना पांढरी किनार आणि त्यात लाल दोरा दिसला तर ते शटलच्या मागावरचं कापड, लिव्हाइसने ते नेहमीच्या जीन्समधून १९८० च्या दशकात बंद केलं.

टीशर्टचं म्हणशील तर बाहीची आणि खालची दुमड बघ, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन टीशर्टला तिथे बहुतेक करून एकच शिलाईची रेघ असायची, नंतर दोन समांतर रेघा आल्या. पण आता हे सगळ्यांना माहीत झाल्यामुळे एकेरी शिलाईचे नवे खोटे टीशर्टही बाजारात आहेत. आणि छपाईखाली जे साल लिहिलेलं असतं ते त्या चित्राच्या हक्काचं साल, टीशर्टचं नाही, नवीन छापतानाही तेच साल छापलं जातं, तुझी फसगत बहुतेक इथेच झाली असणार. अमेरिकन सैन्याच्या जॅकेटचं त्या मानाने सोपं आहे, आत कंत्राटाचं लेबल असतं, त्यावर तिथल्या लष्करी पुरवठा खात्याची डीएसए अक्षरं असतील तर ते साधारण १९६२ ते १९७७ मधलं, त्यानंतर डीएलए.

पण लेबलापेक्षा झीज वाचायला शिक. माणसाने घातलेली जीन्स दोन्ही पायांवर अगदी सारखी झिजत नाही, ज्या बाजूला पाकीट ठेवायचा तिकडे वेगळी, ज्या गुडघ्यावर टेकायचा तिकडे जास्त. दोन्ही गुडघे आरशात बघितल्यासारखे सारखे पांढरे असतील तर ते कारखान्यात केलेलं.

आणि हे वाचून ठेव म्हणून लिहिते, जीन्स पांढरी करायला एक पद्धत होती, हवेच्या दाबाने तिच्यावर बारीक वाळू मारायची. तुर्कस्तानात छोट्या बंद खोल्यांत तरुण मुलं हे काम करायची, ती वाळूची धूळ फुफ्फुसात जाऊन त्यांना सिलिकोसिस झाला, हा आजार बरा होत नाही, कितीतरी पोरं गेली, आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. कुणीतरी पाच वर्षं घालून आणलेला फिकटपणा पाच मिनिटांत हवा म्हणून माणसं मेली आहेत. त्यामुळे मी माझ्यापुरतं ठरवलंय, एक तर खरं झिजलेलं घ्यायचं, नाहीतर कोरं करकरीत घेऊन स्वतः झिजवायचं, मधलं काही घ्यायचं नाही. तूही हेच कर असं मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : असल्या कपड्यांतून खरूज, ढेकूण वगैरे घरात येत नाही ना? आणि हे कपडे येतात तरी कुठून?
गृहिणी, ठाणे

उत्तर : ढेकूण येऊ शकतात, ते आणि त्यांची अंडी शिलाईच्या सांध्यात राहतात. घरात आणल्यावर कपाटात न टाकता आधी चांगल्या कढत पाण्यात अर्धा तास ठेवा, धुवा, उलटं करून कडक उन्हात वाळवा, मग शिलाईवरून गरम इस्त्री फिरवा. कुबट वास असेल तर अर्धी बादली पाण्यात वाटीभर व्हिनेगर टाकून भिजवायचं. लोकर आणि चामड्याला मात्र कढत पाणी लावू नका, आटेल.

कुठून येतात तर काही इथलेच, बोहारणीने भांडी देऊन नेलेले कपडे निवडून, धुवून, शिवून पुन्हा विकले जातात, पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जाऊन बघा. परदेशातले वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो, सरसकट मुभा नाही, कापून चिंध्या करून आलेल्या लोकरी कपड्यांचं पानिपतला परत सूत करतात आणि त्याच्या स्वस्त चादरी-कांबळी होतात. आणि रस्त्यावर जे नवं पण स्वस्त ब्रँडेड मिळतं तो बहुतेक एक्स्पोर्टचा उरलेला माल, तो व्हिंटेज नाही.

प्रश्न : वडील सालगडी होते. मालकाच्या मुलाची जुनी पँट दिवाळीला मिळायची, तीच त्यांची नवी. मी आता नोकरीला लागलोय, संभाजीनगरला असतो. हौसेने एक जुनं आर्मीचं जॅकेट घेतलं, कोपरावर झिजलेलं, कॉलर विरलेली. ते घालून गावी गेलो तर वडील म्हणाले, आम्ही उतरण घातली ती तुझ्यावर वेळ येऊ नये म्हणून. आणि दोन दिवस बोलले नाहीत. मला जॅकेट खूप आवडतं पण आता घालवत नाही. चुकलं का माझं?
एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं चुकलं नाही, पण वडिलांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकावेळी खऱ्या आहेत.

वर मी झिजलेल्या कापडाचं एवढं कौतुक केलं ते सगळं निवडीवर उभं आहे. पुण्याच्या त्या मुलासमोर नवी जीन्स होती आणि त्याने जुनी उचलली. तुमच्या वडिलांसमोर काहीच नव्हतं. आणि आपल्याकडे हे नुसतं गरिबीचं नव्हतं हो, शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं मनुस्मृतीत लिहून ठेवलंय, म्हणजे जुनं कापड कुणी घालायचं हे जन्मावरून ठरवलेलं. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, आणि त्याच दिवसांत तिथे जमलेल्या स्त्रियांसमोर ते बोलले ते लुगडं कसं नेसायचं, अंगावर कुठले दागिने नकोत, स्वच्छ कसं राहायचं यावर. कपडा ही किती मोठी गोष्ट आहे हे त्यांना माहीत होतं, स्वतः ते आयुष्यभर नीटनेटक्या सुटात दिसले ते उगाच नाही. तुमच्या वडिलांनी ते वाचलं असेल नसेल पण त्यांना ते अंगावरून कळलंय.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात येते. उतरण कधीच आपल्या मापाची नसते, कंबर सैल, पाय आखूड, सुतळी बांधून घालायची. दुसऱ्याच्या मापात राहायचं, हे त्यातलं खरं दुखणं. आजची मुलं ढगळ कपडे हौसेने घालतात, पण ज्याने सुतळी बांधलीय त्याला ते बघवणार नाही.

म्हणून जॅकेट टाकू नका, शहरात घाला, मनात अपराध न ठेवता घाला. गावी जाताना घालू नका, आणि वडिलांना फॅशन समजावून सांगायला जाऊ नका, त्यांना त्यातलं जे कळायला हवं ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पुढच्या खेपेला त्यांना घेऊन चांगल्या दुकानात जा, ताग्यातून त्यांच्यासमोर कापड फाडून घ्या आणि ओळखीच्या शिंप्याकडे माप देऊन शर्ट-पँट शिवा, तयार घेऊ नका. शिंपी टेप घेऊन त्यांच्या खांद्याचं माप घेत असेल तेव्हा तुम्ही तिथे थांबा. मग कधी तरी ते आपणहून त्या दिवाळीच्या पँटची गोष्ट सांगतील, तेव्हा मधे न बोलता ऐका.

प्रश्न : ताई, मी तीन वर्षं टोकियोत आहे. इथे शिमोकिताझावा भागात जुन्या कपड्यांची दुकानं ओळीने आहेत. एकात ठिगळांवर ठिगळं लावलेलं निळं कापड भिंतीवर टांगलेलं बघितलं आणि एकदम आजीची वाकळ आठवली. आजीची तीन सुती नऊवारी माझ्याकडे आहेत, बरीच विरलेली. त्यातून एक जॅकेट शिवून घ्यावं वाटतं. आई म्हणते कापू नकोस. काय करू?
एक वाचक, टोकियो

उत्तर : तुम्ही बघितलंत त्याला तिथे बोरो म्हणतात. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नव्हता, सुती चिंधी मिळाली तरी मोलाची, म्हणून तागासारख्या जाड कापडावर ती धावदोऱ्याने शिवत जायचे, एकाच कापडावर पिढ्यान् पिढ्या. तेव्हा ते गरिबीचं लक्षण होतं आणि लोक लपवायचे. आपल्या वाकळेसारखंच, फरक इतकाच की आपण ती अजून पलंगाखाली ठेवतो आणि त्यांनी ती भिंतीवर लावली.

जॅकेट शिवा असं माझं मत आहे, पण आईचंही ऐका, सगळ्यात चांगलं लुगडं आहे तसं राहू दे. उरलेल्या दोनांमधला धड भाग निवडायचा. नऊवारीचा मधला भाग, जिथे कासोटा येतो आणि बसताना ताण पडतो, तो आधी विरतो, म्हणून तर आपल्या आज्या मधला भाग काढून दोन्हीकडचे तुकडे जोडून दंड घालायच्या. उजेडासमोर धरून बघा, जिथून हात दिसतो ते कापड पाठीला आणि कोपराला लावायचं नाही. पदर आणि काठ मजबूत असतात, ते समोर आणि बाहीच्या टोकाला घ्या. कापायच्या आधी तिन्ही लुगडी हाताने गार पाण्यात धुवा, पिळू नका. मऊ सुती अस्तर आतून पूर्ण द्या आणि वाकळेसारखा बारीक धावदोरा दोन्ही थरांतून घाला, म्हणजे ताण सगळा लुगड्यावर येणार नाही. पहिल्यांदा फाटेल ते खांद्यावर, बॅगेचा पट्टा येतो तिथे, त्यामुळे शिवतानाच आतून तिथे दुहेरी तुकडा घालून ठेवा, आणि उरलेल्या चिंध्या टाकू नका, पुढच्या ठिगळांना त्याच लागतील.